दार उघडणारं यंत्र

३ जून
ट्रोम्सोहून बोटीने बेटावर पोचले. वाटेत तीनदा ओकले, पण टेकडीवर ऊन असं लख्ख की सगळं माफ. माझी लेक योरुन इथल्या रडार ठाण्यावर आहे. स्वयंपाकीण पळाली, म्हणून मला बोलावलं. चार तोंडं. उकडलेला कॉड मासा नि बटाटे दिले तरी ताटं चाटतात. आधीची काय शिजवत होती कोण जाणे.

५ जून
योरुनने रडारचा पडदा दाखवला. यंत्र लाटा सोडतं, त्या आपटून परततात. हात किती झुलतो, पाऊल कसं पडतं, एवढ्यावरून ते माणसाचं नाव सांगतं. आमच्या उत्तरेत दाराला कुलूप लावणं म्हणजे शेजाऱ्याला चोर म्हणणं. ह्यांनी दार यंत्रालाच जोडलंय. आपलं माणूस दिसलं की आपोआप उघडतं. पहारेकरी इवारला म्हटलं, मेल्या, कडी काढायचाही कंटाळा? तो म्हणाला, "आजी, तुम्ही सूप ढवळा."

१० जून
पडद्यावर काहीतरी चालतंय. दोन पायांचं, पण हात झुलत नाहीत. यंत्राला नाव सांगता येईना. ठाण्याचे प्रमुख हाल्वारसाहेब म्हणाले, कुणी जवळून बघून आल्याशिवाय यंत्र शिकणार कसं. इवारला पाठवलं.

११ जून
इवार ओढ्यात मेलेला सापडला. पाय मांडीपासून उपटलेले. कापलेले नव्हेत. पांघरूण मीच घातलं.
दुपारी पडद्यावर नाव आलं: इवार. टेकडी चढत होता. योरुन ओरडेपर्यंत दार उघडलं होतं. आत आलं ते इवार नव्हे, पाय तेवढे त्याचे.
हाल्वारचं डोकं भिंतीवर फुटलं. दुसरा पहारेकरी तुर्मोद, त्याने गोळ्या झाडल्या. ते त्यालाच ओढत घेऊन गेलं.

१२ जून
आता पडद्यावर कधी इवार, कधी तुर्मोद. चाल ज्याची त्याची.
दाराला यंत्राशी जोडणारी तार बाहेरच्या खांबावर. योरुन तोडायला निघाली. मी जाते म्हटलं, तर म्हणाली, "आई, तू पोचेपर्यंत जेवणाची वेळ होईल."

दाराचा दिवा विझला. तोडली तिने. आता कडी माझ्या हातात.
गप्प बसवत नाही म्हणून लिहितेय.
पडद्यावर योरुन. डावं पाऊल आत वळवून टाकते, तेही बरोबर. एक वर्षाची होती तेव्हापासून बघतेय ती चाल. यंत्राने काय सांगायचं मला.

कडी काढली. आत आली. टोपी तोंडावर. बोलत नाही. हात झुलत —

बाहेर कुणीतरी सरपटतंय. दार खरवडतंय. खालून, उंबऱ्याशी.
"आई, उघड. माझे पाय —"

लेकीला आत घ्यायचंय. ही मध्ये उभी.
सुरा हाताशी आहे. उठते, आणि आधी हिच्या पायांवर —