दाढ माफी मागणार नाही

तीर्थरूप मामा,

डावा गाल वर ठेवून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. मामीचे गुडघे कसे आहेत? तुमच्या दवाखान्यातली दात काढायची खुर्ची मागे कलताना अजून किंचाळते का? (मी किंचाळलो होतो असं मामी सगळ्यांना सांगते. ती खुर्ची होती.)

तुमच्या शब्दावर मिळालेली नोकरी मी घालवायच्या बेतात आहे, हे तुमच्या कानावर गेलंच असेल. पण सांगणाऱ्यानं अर्धवट सांगितलं असणार.

कॉलेज मधेच सोडल्यावर तुम्हीच मला सरकारच्या शालेय आरोग्य मोहिमेत चिकटवलंत. पोरांत राहून डोकं थंड होईल म्हणालात. काम काय, तर शाळाशाळांत जाऊन किडलेली दाढ व्हायचं. अंगावर फोमचा पोशाख, आत भट्टी, बघायला किडीची दोन भोकं. नर्सबाई माईकवर स्वच्छतेचे धडे देतात, शेवटी भल्यामोठ्या ब्रशनं मला बदडतात, मी ‘चुकले, आता रोज घासून घेईन’ म्हणत आडवा पडतो आणि पोरं टाळ्या पिटतात. (नर्सबाईंचा हात फार हलका आहे. लग्नाआधी तुम्ही मामीच्या गल्लीतून सायकल कशासाठी फिरवायचात ते आठवा, म्हणजे पुढचं मला लिहावं लागणार नाही.)

तर परवा मोठे साहेब तपासणीला आले. त्या शाळेत मोहिमेतून चकचकीत बेसिनांची रांग बसवली आहे. फक्त पाणी जोडायचं राहिलंय, कारण बेसिनं एका खात्याची आणि पाइप दुसऱ्याचे. पण हेडमास्तर हिकमती. त्यांनी पोरांना कोरडेच हात धुवायला शिकवलं. तळवे, बेचक्या, नखं, मनगटं, सगळं गाण्याच्या चालीवर, हवेतल्या हवेत. पोरं इतकी तरबेज की शेवटी हात झटकून नसलेलं पाणी एकमेकांच्या अंगावर उडवतात आणि ज्याच्या अंगावर उडालं तो चिडतोसुद्धा. साहेब खूश. उत्कृष्ट, शिवाय पाण्याची बचत, असं म्हणाले. मामा, हे ऐकताना मी फोमच्या आत होतो आणि पोशाखानं पेट कसा घेतला नाही याचं मला अजून नवल वाटतं.

मग माझी पाळी आली. मार खाल्ला, आडवा पडलो. एक चिमुरडी जवळ येऊन उकिडवी बसली. तिला माझी खरीच दया आली होती.

“खाल्ल्यावर तू चूळ का नाही भरलीस गं?”

याचं उत्तर मला पाठ करायला दिलेलं नव्हतं. आणि त्या डोळ्यांकडे बघून खोटं कसं बोलणार?

“मी तुमच्याच शाळेतली दाढ आहे ना,” म्हटलं, “कुठल्या नळावर भरू?”

माईक चालू होता. पोरं आधी फिदीफिदी, मग एकानं जाऊन खरंच नळ सोडला. नळ नुसताच फुसफुसला. मग काय, सगळ्यांनी सगळे नळ सोडले आणि सगळे फुसफुसले.

आता साहेबांचं फर्मान आहे, सोमवारपर्यंत लेखी माफी, नाहीतर पोशाख जमा करा. हेडमास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, दोन ओळी खरड बाबा, रोज माफी मागतोसच की. मी सांगितलं, रोज मागतो ती दाढेची, तिला कणा नसतो. ही माझी आहे, मिळणार नाही. नोकरी गेली तर गेली. (गेली तर नर्सबाई दुसऱ्या दाढेला बदडणार, हा विचार मी करत नाही. सकाळपासून करत नाहीये.)

तुमचा, न वाकलेला,
भाचा

ता. क. साहेबांचा फोन आला तर ‘पोरगं तापट आहे पण मनानं चांगलं’ असलं काही बोलू नका. पाणी कधी जोडताय, एवढंच विचारा.

पुन्हा ता. क. परतताना गाडीत नर्सबाई म्हणाल्या, “सोमवारी मी येते तुझ्याबरोबर. नळांचं मीच बोलते. पण आधी आ कर.” आ केला. त्यांनी टॉर्च मारला. मी आजवर त्यांच्यासमोर तोंड मिटून का हसायचो ते त्यांना तेव्हा कळलं. (त्या मला लाजाळू समजत होत्या.) असली दाढ घेऊन साहेबांपुढे गेलास तर मी येणार नाही, म्हणाल्या. तेव्हा शनिवारी येतोय. खुर्ची मोकळी ठेवा.

शेवटचं. मागच्या वेळी मी गळ्यातल्या टॉवेलासकट पळालो होतो. म्हणून मामीला सांगा, मी आत गेलो की दाराला बाहेरून कडी घालायची. आतून ओरडलो, धमक्या दिल्या तरी काढायची नाही. दाराखालून लेखी माफी सरकवली, तरी नाही.