उतारावरचं ते वळण

१० मे २०२५, कवठे महांकाळ
पोचले. दोन वर्षांनी घर! मलेशियात बावीस मुली माझ्याकडे सायकल शर्यत शिकतात, आईला त्याचं काही नाही. "लय वाळलीस गं," एवढंच.
या सुट्टीत मलकापूरला जायचंच. राजेश्वरीला भेटायचंच.

११ मे
नाही गेले.

१३ मे
गावात सत्कार. "आपली राष्ट्रीय विजेती!" — टाळ्या. मला मान वर करवेना.
सगळं सुरू झालं साताऱ्याच्या त्या निवड शर्यतीपासून. उतारावर राजेश्वरी पुढे होती. शेवटच्या वळणावर मी आतून घुसले. काहीतरी लागलं. मागे आवाज झाला. मी वळून पाहिलं नाही! तिचा गुडघा गेला, सायकल कायमची सुटली. माझी निवड झाली, मग पदकं, मग परदेशात नोकरी. अठरा वर्षांत तिला एकदा भेटले नाही.

१५ मे
गेले!
तिची ऊसरोपांची नर्सरी आहे. पाय ओढत पुढे आली. "अपेक्षा? आत ये की, उन्हात का हुबी?"
बसायच्या आधीच सगळं बोलून टाकलं. माझ्यामुळे पडलीस म्हणाले. रडू आवरेना.
तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. मग म्हणाली, "येडी का काय! माझी चेन पडली हुती. तुझा काय संबंध न्हाई."
"खरंच?"
"व्हय गं. राग येवढाच, दवाखान्यात कवा आली न्हाईस."
मग तीन तास गप्पा! जुन्या शर्यती, जुन्या पोरी, हसून हसून पोट दुखलं. परतीच्या एसटीत मी चक्क झोपले. किती वर्षांनी अशी झोप!

१६ मे
दोन भाकरी जास्त खाल्ल्या. आई म्हणाली, "आज कुटं माझी लेक घरी आल्यागत वाटतंय."

१९ मे, विमानतळ
आत्ताच राजेश्वरीचा फोन. "आयक. चेन पडली न्हवती. तुझंच चाक लागलं हुतं. तू येवढी रडाय लागलीस, मग मला बोलवंना. पर तू पोरींना शिकवतीस, म्हणून सांगतीया — वळणावर दुसरीच्या वाटंत घुसायचं न्हाई, हे त्यास्नी पयलं शिकव."
मी तिथेच वही काढून हे वाक्य उतरवून घेतलं.
"हाईस न्हवं? आन् पुढच्या खेपंला मुक्कामालाच ये."