बाबांचा खोकला आणि पाचवीचा वर्ग

तीर्थरूप बाबांना धाकटीचा नमस्कार.

मी मजेत आहे. खोली उबदार आहे, जेवणही वेळेवर होतं.

तुम्ही विचारलंत, मिशनच्या शाळेत पाचवीला शिकवतात तरी काय? अहो, सगळीकडे असतं तेच. अपूर्णांक, नद्या, पचनसंस्था. बायबलचा एक तास जास्त. शिवाय सकाळी प्रार्थनेआधी मुलं आपापली काळजी सांगतात, मी ती फळ्यावर लिहिते. कुणाची मांजर हरवलेली असते, कुणाची आजी आजारी. मग सगळा वर्ग त्यासाठी डोळे मिटतो.

एकदा पोरांनी मलाच विचारलं आणि मी तुमचा खोकला सांगून बसले. मग रोज त्याच्यासाठी प्रार्थना. ‘ठणठणीत बरा आहे’ असं तुमचं पत्र आलं, तेव्हा मुलांनी देवाचे आभार मानले, टाळ्या पिटल्या आणि खोकला फळ्यावरून पुसून टाकला.

काल फोनवर तो मला ऐकू आला, बाबा. आई म्हणाली, तुम्ही डॉक्टरकडे गेलाच नाहीत.

आज मी तो पुन्हा फळ्यावर लिहिला. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “बाई, म्हणजे आपण देवाला खोटं सांगितलं?”

डॉक्टरकडे जा, आणि काय असेल ते खरं कळवा. इथे अख्खी पाचवी तुमच्या शब्दावर आमेन म्हणते.

तुमचीच,
धाकटी