डिस्कमधून निघालेला तुमचा आवाज

बाबा, तुमचा लॅपटॉप गेला. मागच्या आठवड्यात चालू केला तर आतून टकटक आवाज यायला लागला आणि पडद्यावर काहीच उमटेना. तुम्ही गेल्याला कितीतरी वर्षं झाली, तरी तो मी कुणाला देऊ दिला नव्हता. तुमची गाणी त्यातच होती, दुसरीकडे कुठेच नव्हती.

स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर, जयंतीला विहारात म्हणायची गाणी तुम्ही रेकॉर्ड करायला बसायचात. हॉलमध्ये कूलरचा आवाज येतो म्हणून स्वयंपाकघरात, तांदळाच्या कोठीवर लॅपटॉप ठेवून. प्लांटातल्या मिलच्या धडधडीत आयुष्य गेलं, कानांनी कमी ऐकू यायचं, म्हणून तुम्ही मोठ्यानंच गायचात. मी एकदा म्हटलं, "बाबा, जरा हळू म्हणा ना." तुम्ही डाफरलात, "हळू कावून? गाणं काय चोरून आणलं का?"

पॉवर हाउस भागातल्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्यानं लॅपटॉप उघडला, डिस्कला कान लावला. म्हणाला, "दीदी, अब इसे घर में चालू मत करना. जितना निकलेगा, निकाल दूँगा. पहले क्या चाहिए, बता दो. बीच में बंद हो गई तो बाकी गया समझो."

त्यात माझ्या दोन्ही मुलींचे लहानपणचे फोटोही होते. दुकानातूनच आईला फोन केला.

"आई, पहिले काय काढू? पोरींचे फोटो का बाबांची गाणी?"

आई म्हणाली, "पोरी तं समोर हायेत माह्या. तुह्या बाबाइले काढ."

फोटो बहुतेक गेले. गाण्यांच्या फाइली निघाल्या, पण वाजेनात, नुसती खरखर. एकच नीट वाजली, आणि तिच्यात गाणं नाहीच. तुम्ही पुटपुटताय, "चालू झालं का नाई, काई समजून नाई राहिलं." भांडं वाजतं. मग तुमची हाक येते, "अवं, जरा चा मांडते का?"

मी घरी ते लावलं तेव्हा आई पलंगावर लाखोळीची पालेभाजी निवडत बसली होती. "मांडते," म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठलीसुद्धा. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि तिथंच चौकट धरून उभी राहिली. मी तिच्याजवळ गेले नाही. जाववलं नाही. काही वेळानं आतून गॅस पेटल्याचा आवाज आला.

इथं हिंदी मुलखात वाढलेल्या माझ्या धाकटीनं विचारलं, "मम्मी, नाना क्या बोल रहे हैं?" मी तिला हिंदीतच सांगितलं. तुमच्यासारखं 'का'ऐवजी 'कावून' म्हणणारं आता घरात आईशिवाय कुणी उरलं नाही, बाबा. मीसुद्धा तिच्याशी बोलतानाच तसं बोलते, आणि तेही मधूनमधून अडखळत.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक सांगते. त्या फाइलच्या शेवटी तुम्ही मला हाक मारता, "बाई, इकडं ये, हे बंद कसं करतेत?" माझ्या चपला वाजतात, मी येते, बटण दाबते, आणि तुमचा आवाज संपतो. तेवढं मी एकदाच ऐकलं. आता रोज लावते, पण तुम्ही मला हाक मारायच्या आधीच थांबवते.