मिस्किटांच्या घरासह माझ्या मिळकतीची व्यवस्था

मी, आसावरी पंढरी शेलार, वय ४६, बी.कॉम., अविवाहित, राहणार डोंबिवली (पूर्व), धंदा जुन्या घरांची खरेदी-विक्री, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी भरीला घातलेले नाही. सोमवार, २४ नोव्हेंबरला माझी शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. लोकांच्या अशा बोलण्यामागचे ओळखण्यातच माझी वीस वर्षे गेली, तेव्हा हा कागद करून ठेवते. मन ठिकाणावर आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. मी राहते तो फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक माझी भाची प्राप्ती सुदेश शेलार हिला मिळावी. तीच या मृत्युपत्राची व्यवस्थापक. लोखंडी कपाटाचे दार थोडे उचलून लावावे लागते. एवढ्यासाठी ते भंगारात देऊ नये.

कलम २. माझ्या चौदा डायऱ्याही प्राप्तीलाच. तिला हा धंदा शिकायचा आहे, म्हणून थोडे लिहिते. ज्याला घर विकायचे आहे आणि ज्याला ते विकावेच लागणार आहे, ही दोन निराळी माणसे. दुसरा सापडतो वर्तमानपत्रातल्या वकिलांच्या जाहीर नोटिसांत. 'घराचे मूळ कागद गहाळ, कोणाला सापडल्यास कळवावे,' अशी नोटीस देणारा बहुधा विकायच्या तयारीत असतो. त्याला किंमत आधी विचारायची नाही. पैसे कधीपर्यंत हवेत, एवढेच विचारायचे. ज्याने तारीख सांगितली त्याची किंमत पडते. हे मी कोणाकडून शिकले नाही, त्यामुळे दोष द्यायलाही कोणी नाही.

मोजमापाचे लेझर यंत्र एजंट पोपट भोईर यांच्याकडे तीन वर्षे आहे. ते त्यांनाच राहू द्यावे. त्यांना दुसरे काही द्यायचे नाही. कारण पुढे येईल.

कलम ३. घोडबंदर रोडच्या मागे गावठाणात माझ्या नावावर एक बैठे घर आहे. अंगणात दगडी क्रूस. हे मी फेब्रुवारी २०२२ मध्ये रुडॉल्फ आणि डॉरिस मिस्किटा यांच्याकडून घेतले. पत्ता अशाच एका नोटिशीतून मिळाला. रुडॉल्फ अंकलच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली होती. तारीख डॉरिस आंटींनी चहा देता देता सांगितली. मी 'कळवते' म्हणाले आणि नऊ दिवस फोन उचलला नाही. नाशिकला आहे, असा निरोप ठेवला. मी डोंबिवलीतच होते, पडदे धूत होते. दहाव्या दिवशी किंमत पाचव्या हिश्श्याने उतरली. शस्त्रक्रिया दोन आठवडे लांबली. अंकल त्यानंतर चौदा महिने जगले. त्या दोन आठवड्यांचा काही संबंध होता का, हे मी त्यांच्या डॉक्टरांना विचारलेले नाही. विचारता आले असते.

गावातल्या बायका मे महिन्यात त्या क्रुसापुढे प्रार्थना करतात, मग उकडलेले चणे वाटतात. हे चालू ठेवीन, असे मी तोंडी कबूल केले होते. पोपट म्हणाले, "मॅडम, कुलूप घाला. एकदा आत पाय पडला ना, की हक्क सांगतात." मी कुलूप घातले. सल्ला त्यांचा, हात माझा. पुढची चार वर्षे मे महिन्यात त्या बायका गल्लीत उभ्या राहून गेटच्या दिशेने प्रार्थना करत होत्या. चौथ्या वर्षी मी ते स्वतः पाहिले. मला बघून एकीने चणे दिले.

कलम ४. गेल्या महिन्यात मी शीळफाट्याला गेले. तिथे डॉरिस आंटी मुलाकडे, नेविलकडे, बाराव्या मजल्यावर राहत होत्या. म्हणाले, "आंटी, ते घर तुमच्या नावे करून ठेवतेय. मृत्युपत्रात."

त्या लसूण सोलत होत्या. "माझं वय किती, गो?"

"एकाहत्तर."

"नि तुझं?"

"सेहेचाळीस."

"मग तू मरेपर्यंत मी इथं लसूण सोलत बसू? चांगलं देतेस गो बाय! चावी काय माझ्या कबरीवर ठेवशील?"

वीस वर्षे कागद वाचणाऱ्या मला हे दिसले नव्हते, की दिसले होते म्हणूनच ही कल्पना सुचली होती, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

"मग आत्ताच बक्षीसपत्र करू," मी म्हणाले.

"नको. माझ्या नावावर आलं की हा नेविल उद्या बिल्डरला देईल. काय रे, खोटं बोलते मी?"

आतून नेविल म्हणाला, "उद्या नाय मम्मी, परवा."

"ऐकलंस? तुझं ऑपरेशन कधी?"

"चोवीसला."

दोन पाकळ्या सोलून झाल्या. मग म्हणाल्या, "मरेस्तोवर मी तिथं राहणार. गेटला कुलूप नाय. मे महिन्यात सगळ्या बाया आत. नि हे सगळं सरकारी कागदावर, चोवीसच्या आधी."

मी हो म्हणाले. तारीख मी सांगून बसले, हे रिक्षात बसल्यावर लक्षात आले.

त्याप्रमाणे १४ नोव्हेंबरला ठाण्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात करार नोंदवला आणि चावी दिली. घराची मालकी माझ्यामागे प्राप्तीकडे जाईल, पण त्या कराराला बांधलेली. आंटींच्या हयातीत त्यांना कोणी उठवू नये. त्यांच्यानंतरही क्रुसाकडे जाणारी वाट मोकळी राहावी. प्राप्ती, या अटीवर नको असेल तर आत्ताच सांग. मला राग येणार नाही. आला तर तो माझा प्रश्न.

कलम ५. मृत्युपत्राने ज्याला काही मिळते त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही करू नये, असे वकिलांनी बजावले. डॉरिस आंटींना जे मिळायचे ते तीन दिवसांपूर्वीच मिळाले. या कागदातून त्यांना काहीही मिळत नाही. म्हणून साक्षीदारांत पहिली सही त्यांची घ्यायची ठरवली आहे.

वरील मजकूर मी दोघांसमोर वाचला, त्यांच्यासमोर सही केली, आणि मग माझ्यासमोर त्यांनी केली.

(सही) आसावरी पंढरी शेलार
ठाणे, सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार
१. (सही) दर्शन गुणाजी ठाकूर, माझे शेजारी, राहणार डोंबिवली (पूर्व). आंटींचा चष्मा सापडेपर्यंत यांनी आधी सही केली.
२. (सही) डॉरिस रुडॉल्फ मिस्किटा, राहणार कलम ३ मधील घरी.