गॅसशिवायच्या वड्या

वारजे, पुणे
१२ नोव्हेंबर २०१९

प्रिय मुक्ताताई,

तुला आणि सुखदेव भाऊजींना नमस्कार. आईचा गुडघा आता बरा असेल असं धरून चालते. फोन हातात असताना पत्र कशाला, असं वाटेल तुला. सांगते. आधी तू मागितलेली वड्यांची कृती.

बिया काढलेला मऊ खजूर, बदाम, थोडं जवस मिक्सरमधून काढायचं. त्यात कोको निब्स घालायचे. निब्स म्हणजे कोकोच्या बिया फोडून केलेले बारीक तुकडे. नुसते खाल्ले तर कडू लागतात, खजुरात मस्त लागतात. गोळा ताटात थापून दोन तास फ्रीजमध्ये ठेवायचा आणि वड्या पाडायच्या. साखर नाही, तूप नाही, गॅसही लागत नाही. आनंदच्या ऑफिसात सगळ्यांना फार आवडतात. तो डबे भरून नेतो.

गॅस लागत नाही, म्हणूनच मी त्या शिकले, ताई. जूनमध्ये एकदा माझ्याकडून दूध उतू गेलं. तेव्हापासून आनंद ऑफिसला जाताना सिलिंडरचा रेग्युलेटर काढून कपाटात ठेवतो. कपाटाची किल्ली त्याच्याच खिशात. "तुझं लक्ष नसतं, काही झालं म्हणजे?" असं अगदी प्रेमानं म्हणतो. नोकरी सोडायला लावली तेव्हाही असंच प्रेमानं बोलला होता. तुझा फोन आला की स्पीकर चालू करून शेजारी बसतो. दिवाळीला मी आले नाही, ते तब्येतीमुळे नाही.

आणखी एक. तो जाताना बाहेरच्या जाळीच्या दाराला कुलूप लावतो.

हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

गेल्या सोमवारी खाली मीटरच्या खोलीत शॉर्टसर्किट झालं. जिना धुरानं भरला. सगळे धावत खाली गेले आणि मी जाळी धरून उभी. समोरच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या दुर्गाबाई तेवढ्या थांबल्या. वॉचमन त्यांना खाली ओढत होता, तर त्याच्यावर ओरडल्या, "मी हितनं हलनार न्हाई. आधी ते कुलूप तोड!" त्यानं तोडलं. खोकत खोकत आम्ही खाली आलो.

आनंद आला आणि सगळ्यांसमोर हसून म्हणाला, "घरात दुसरी किल्ली होती की! घाबरली की हिला काही सुचत नाही." दुसरी किल्ली नाही, ताई. नव्हतीच कधी. पण लोकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान डोलावली. याची मला त्या धुरापेक्षा जास्त भीती वाटते.

संध्याकाळी नवं कुलूप आलं.

आता नीट वाच. २४ तारखेला, रविवारी, सोसायटीत आरोग्य मेळावा आहे. अध्यक्षा सुशीलाबाईंनी माझ्या वड्यांचं टेबल मांडायला सांगितलंय. चार लोकांसमोर आनंदला नाही म्हणता आलं नाही. दहा ते एक मी खाली, क्लबहाउसमध्ये असेन. तू आणि भाऊजी या. फोन करू नकोस. हे पत्र दुर्गाबाई पेटीत टाकतील.

मी एकटीनं निघू शकेन असं मला वाटत नाही. हे कबूल करायला लाज वाटते, पण खरं तेच लिहिते.

रविवारची वाट पाहणारी,
तुझी श्रद्धा

*

वाशीम
२ डिसेंबर २०१९

दुर्गाबाईंना नमस्कार.

त्या दिवशी गडबडीत तुमच्याशी धड बोलताही आलं नाही. मी ताईकडे सुखरूप आहे.

तुम्ही तेव्हा भांडी आणायला वर गेला होतात, म्हणून सांगते. टेबल आवरताना आनंद आला. "झालं ना? चल वर." ताई म्हणाली, "ती आमच्यासोबत येतेय." तो हसला. "अहो ताई, तिला बरं नसतं हल्ली. तिलाच विचारा."

मी म्हणाले, "मला काही झालेलं नाही. हा मला कोंडून ठेवतो."

आवाज इतका बारीक निघाला की सुशीलाबाईंनी विचारलं, "काय म्हणालीस गं?" मग तेच पुन्हा, मोठ्यानं म्हणाले. आनंद माझा हात धरायला पुढे आला, तर सुशीलाबाई आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. मी अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले.

इथं दार दिवसभर उघडंच असतं. तरी परवा अंगणात जाताना मी ताईला विचारलं, "जाऊ का?" ती पदरानं डोळे पुसत आत गेली. मी बराच वेळ उंबऱ्यावर उभी होते. मग गेले.

खाली इथला पत्ता लिहिलाय. आनंदनं विचारला तर देऊन टाका. मी लपलेली नाही.

तुमची,
श्रद्धा