रविवारी डोळ्यांना सुट्टी

बाबा, परवा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला घेऊन यायला सांगितलं. तुम्ही जाऊन किती काळ लोटला ते त्यांना काय माहीत. माझ्या मुलाची मुलगी, तुमची पणती, त्यांच्या उंच खुर्चीत पाय हलवत बसली होती. तिचा डावा डोळा कमजोर आहे. उजवा झाकला की समोरचं सगळ्यात मोठं चित्रही तिला ओळखता येईना. चष्मा देऊन बरेच महिने झाले, तरी डावा डोळा सुधारायला हवा होता तेवढा सुधारला नव्हता. डॉक्टर तिला म्हणाल्या, "चष्मा रोज लावतेस ना?" ती म्हणाली, "रोज. फक्त रविवारी डोळ्यांना सुट्टी असते." "अशी सुट्टी कोणी दिली?" "पणजोबांनी." डॉक्टर आमच्याकडे वळून म्हणाल्या, "पुढच्या वेळी पणजोबांना घेऊन या. मला बोलायचंय त्यांच्याशी." "ते मेलेत," ती म्हणाली. सुनेनं माझ्या मुलाकडे पाहिलं, मुलानं माझ्याकडे आणि मी भिंतीकडे.

ही सुट्टी तुमचीच. मला शाळेत असताना चष्मा लागला तेव्हा आपण गोरेगावला राहत होतो, पूर्वेला, तुमच्या स्टुडिओपासून चालत येण्याच्या अंतरावर. तुम्ही लाइटमन. वर फळ्यांवर बसून मोठे लाइट फिरवायचा, आणि तेव्हाचे ते लाइट असे की शूटिंग लांबलं की तुम्ही डोळे चोळत घरी यायचा. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं म्हणायचा. आई स्वयंपाकघरातून बटाट्याचे गार काप आणून तुमच्या पापण्यांवर ठेवायची आणि तुम्ही उताणे पडून असायचा. मी शेजारी बसून तुम्हाला शाळेतलं काहीबाही सांगायचे. सुट्टीचा रविवार गेला की सोमवारी तुमचे डोळे पुन्हा स्वच्छ. तुमचा तो अनुभव खरा होता. म्हणून माझ्या चष्म्यालाही तुम्ही तोच नियम लावला. सहा दिवस काम, रविवारी आराम. नाहीतर डोळे चष्म्यावर विसंबतील, आळशी होतील, नंबर वाढत जाईल. एका रविवारी मी गुपचूप चष्मा लावून दारात उभी होते, तर तुम्ही तो माझ्या नाकावरून अलगद काढून डबीत ठेवलात आणि म्हणालात, "डोळ्यांनाही माणूस समज गं. दमतात तेही." ओरडला असता तर मी विसरले असते.

ते रविवार मला अजून दिसतात. दिसतात म्हणणं बरोबर नाही, कारण तेव्हा नीट काहीच दिसत नव्हतं. हात लांब करावा तिथपर्यंतचं जग माझं आणि त्यापलीकडे सगळं वितळलेलं. समोरचं कडुनिंब म्हणजे हिरवा धूर. रस्त्यानं कोणाचं लाल लुगडं जायचं तर नुसता लाल रंगच हवेतून सरकत जायचा, बाई नसायचीच त्यात. संध्याकाळी टेकडीकडचे दिवे लागले की एकेक दिवा ताटाएवढा, कडा नसलेला, एकमेकांत मिसळलेला. तुम्ही नळावरून येताना मला चेहरा दिसायचा नाही, पण डावा खांदा जरा खाली टाकून चालणारी ती सावली तुमचीच हे मला कळायचं आणि तुम्ही जवळ येत येत हळूहळू माझे बाबा व्हायचा. आता सगळं लख्ख दिसतं. पण माणूस असं उगवताना दिसत नाही.

आणि दुसरी गोष्ट तुम्हाला कधी सांगितलीच नाही. माझा नंबर लांबचा. जवळचं मला चष्म्याशिवाय चांगलं दिसायचं. रविवारी बाहेर खेळायला जावं तर चेंडू दिसत नाही, मैत्रिणी हसतात, "ए, भिंतीला टाळी देतेस काय." मग मी घरात बसायचे. वस्तीतल्या बुद्धविहारातल्या कपाटातून पुस्तक आणायचं, ते नाकाशी धरायचं आणि पान स्वच्छ. सातवीनंतर शाळा सुटली तरी रविवार सुटला नाही. जे काही वाचलं ते असंच, कोणी न सांगता, पुढे काय वाचावं हे मागच्या पुस्तकाला विचारत. तुम्ही मला खेळायला न जाता बसलेलं बघून आईला म्हणायचा, "बघ, आरामाचा किती फायदा झाला." डोळ्यांना आराम कसला. दिवसभर तेच तर राबत होते.

एकदा मी डबा घेऊन स्टुडिओत आले होते ते आठवतं का? आत दुपारीच चांदणं पडलं होतं. पुठ्ठ्याचं घर, खोटी बाग आणि सगळ्यावर निळसर उजेड. मी वर मान करून तुम्हाला शोधायला लागले तर वरून तुमचा आवाज आला, "लाइटकडे बघायचं नाही. लाइट कशावर पडलाय ते बघ." मी खाली पाहिलं. माझ्या पायांवरही चांदणं होतं.

परवा मी डॉक्टरांना तुमच्या वतीनं विचारून घेतलं. म्हटलं, चष्म्यानं नंबर वाढतो ना? त्या म्हणाल्या, "आजी, पोरांचे पाय काय चपलेमुळे वाढतात? पाय वाढतो म्हणून मोठी चप्पल लागते. नंबरचंही तसंच. चष्मा नसता लावला तरी वाढायचा तेवढा वाढलाच असता." मी म्हटलं, मग चष्मा काढल्यावर आधीपेक्षा जास्त धूसर का वाटतं? "आधीही तेवढंच धूसर होतं. तेव्हा स्पष्ट दिसणं म्हणजे काय तेच तुम्हाला माहीत नव्हतं." तुमचे जावई गेल्यापासून माझं काय होतंय हे मला कोणाला सांगता आलं नव्हतं, ते या बाईंनी सहज सांगून टाकलं. एकटी मी लग्नाआधीही होतेच की. पण तेव्हा मला दुसरं काही माहीत नव्हतं.

तुमच्या रविवारांनी माझं काही बिघडलं नाही, असंही त्या म्हणाल्या. माझे दोन्ही डोळे सारखे होते. पणतीचं तसं नाही. तिच्या डाव्या डोळ्यानं मेंदूकडे कधी स्वच्छ चित्र पाठवलंच नाही, म्हणून मेंदू उजव्याचंच ऐकतो. लहान वयात चष्मा लावून, चांगल्या डोळ्यावर रोज थोडा वेळ पट्टी लावून, डाव्याला बोलतं करायला हवं. जितकं वय वाढेल तितकं ते कठीण. शिकणाऱ्या डोळ्याला सुट्टी परवडत नाही.

रिक्षातून बोरिवलीला परतताना मुलगा म्हणाला, "आई, आजोबांची घरात एवढी एकच गोष्ट उरली होती." त्यानंच पोरीला तुमची गोष्ट सांगून ही सुट्टी सुरू केली होती, आणि मला ते फार आवडलं होतं. सून म्हणाली, "आजोबा फोटोत आहेत ना. डोळा कुठून आणणार आहेस?" तो म्हणाला, "तूच सांग तिला, आई. वडील तुझे."

रविवारी सकाळी मी पोह्यांना कांदा चिरत होते. ती आली आणि चष्म्याची डबी ओट्यावर ठेवून म्हणाली, "आज सुट्टी." मी हात धुतले. म्हटलं, आजपासून रविवारीही लावायचा. "का?" "पणजोबांचं चुकलं होतं." बाबा, तुमच्याबद्दल हे शब्द मी कधी उच्चारले नव्हते. आईजवळही नाही, मनातही नाही. बोलल्यावर काहीतरी होईल असं वाटलं, पण कढईत मोहरी तडतडली, एवढंच. ती म्हणाली, "पण त्यांचे डोळे तर बरे व्हायचे ना?" म्हटलं, "त्यांचे व्हायचे. त्यांचे डोळे उजेडानं दमायचे. तुझा डोळा दमलेला नाही, तो शिकतोय." तिनं विचार केला. "त्यांना राग येईल." "नाही येणार." "तू विचारलंस?" "विचारते." मी तिला चष्मा घातला आणि उजव्या डोळ्यावर पट्टी लावली. ती रडली नाही, पण भिंतीला हात लावत लावत खिडकीपर्यंत गेली आणि बराच वेळ काच धरून उभी राहिली. तिला तिथून काय दिसत होतं, मला ठाऊक आहे. मीही तशा जगात राहिले आहे. फरक एवढाच की मला तिथून परत येता येत होतं.

जेवताना तिनं विचारलं, "विचारलंस का पणजोबांना?" म्हटलं, हो. "काय म्हणाले?" मी म्हटलं, "म्हणाले, लाव तिला चष्मा." ती मान हलवून जेवायला लागली. संध्याकाळपर्यंत चष्म्याला तिनं हात लावला नाही.

खरं म्हणजे विचारायला मी आज बसले आहे, उत्तर देऊन झाल्यावर. हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, कपाटात पुस्तकांच्या मागे राहतील. तुम्ही असं म्हणाला असता की नाही, मला माहीत नाही. एकदा ठरवलेलं तुम्ही मोडल्याचं मी कधी पाहिलं नाही. पण ते वाक्य तुमच्या तोंडी घातलं आहे, आणि जोवर ती पोरगी ते ऐकते आहे, तोवर मी ते मागे घेणार नाही.